केशराचे कंद बुरसताहेत, कोंब अडलेत. तातडीने मदत हवी

समुद्रकाठ
रत्नागिरीजवळ राहतो. केशराचे कंद ट्रेमध्ये ठेवलेत, खोलीला एसी आहे. काल पाहिलं तर दहा-बारा कंदांवर हिरवट-निळी बुरशी. बाकीच्यांचे कोंब पेराएवढे होऊन अडलेत. कुठलं औषध मारू? फक्त मात्रा सांगा, आजच करायचंय. कंद स्वस्तात आलेले नाहीत.

सड्यावरची
एसी किती अंशांवर आहे? कंद कधी आणले, एकेक किती ग्रॅमचा? ट्रेमध्ये नुसते ठेवलेत की खाली काही घातलंय? पाणी देता का? हे कळल्याशिवाय मात्रा सांगण्यात अर्थ नाही.

काजूगर
कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, लिटरला 2 ग्रॅम. पंधरा मिनिटं बुडवा, सावलीत सुकवा. झालं.

आगरातला
झालं कसं? त्याच फुलाच्या काड्या दुधात घालून पोरांना देणार ना? ट्रायकोडर्मा वापरा.

काजूगर
ट्रायकोडर्मा हीही बुरशीच आहे दादा, तिला वाढायला ओली माती नि सेंद्रिय खत लागतं. कोरड्या ट्रेतल्या कंदावर शिंपडून ती काय करणार? आणि दोन्ही एकदम तर मुळीच नको, कार्बेन्डाझिमने ट्रायकोडर्मा मरते.

खलबत्ता
केशर असली की नकली ते असं ओळखा: काडी गार पाण्यात टाका. खऱ्या केशराचा पिवळा रंग सावकाश उतरतो आणि काडी लालच राहते. पाणी झटकन लाल झालं नि काडी पांढरी पडली तर रंगवलेले मक्याचे केस समजा. काडीचं एक टोक तुतारीसारखं रुंद असतं, तेही बघा.

समुद्रकाठ
@खलबत्ता, हे मी विचारलेलं नाही.
@सड्यावरची ताई, एसी 24 वर. सकाळी तासदोन तास लाईट जाते. कंद सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले, 2 किलोत 210 भरले. खाली कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आहे, एक दिवसाआड पाणी फवारतो. दार उघडं असतं, आतल्या खोलीत जायची वाट तिथूनच आहे.

सड्यावरची
मग औषधाआधी दार बंद करा.

आत्ता ऑक्टोबरात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की 24 अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूला घाम सुटतो. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की सुटतो ना, तसाच. लाईट गेली, दार उघडं राहिलं, बाहेरची हवा आत आली की गार कंदांच्या सालीखाली पाणी धरतं. हिरवट-निळी बुरशी बहुधा पेनिसिलियम, ती खरचटलेल्या, ओल्या कंदावर आधी बसते. त्यात तुम्ही वरून फवारताय!

फुलं येईपर्यंत कंदाला पाणीही नको, मातीही नको. फुलाला लागणारं सगळं कंदात साठलेलं असतं. कोकोपीट आजच काढा. कंद शेंडा वर करून, एकमेकांना न चिकटता, कोरड्या ट्रेत मांडा. एक छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून चालू ठेवा, हवा फिरली पाहिजे पण थेट कंदांवर नको. मऊ पडलेले कंद काढून खोलीबाहेर नेऊन जाळा. बुरशी नुसती सालीवर असेल तर साल सोलून बघा, आतला गर पांढरा नि टणक असला तर तो कंद वेगळ्या ट्रेत ठेवा.

औषधात बुडवणं हे कोंब फुटायच्या आधीचं काम. आता बुडवलंत तर कोंबाच्या पांढऱ्या म्यानात पाणी शिरून आतली कळी कुजेल.

कोंब अडलेत ते उष्णतेने. कळी धरायला 23 ते 27 अंश लागतात, पण ती वर यायला 15 ते 17. तुम्ही पहिल्याच टप्प्यावर थांबलात. 24 वरून 21 करा, दोन दिवसांनी 19, मग 17.

आगरातला
एवढं करण्यापेक्षा रात्री ट्रे फ्रीजमध्ये ठेवले तर?

काजूगर
नको. रोज आत-बाहेर म्हणजे रोज घाम. ताईंनी वर तेच लिहिलंय.

नवी_वाडी
याचं बी कुठे मिळेल? ऑनलाइन पाकीट बघितलं, 'अमेरिकन केशर' म्हणून.

सड्यावरची
ती करडई आहे. केशराला बी धरतच नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच, एकूण 24, त्यामुळे ते वांझ. कंदापासूनच वाढतं, काश्मीरात केशराच्या पांपोरलाही तसंच.

माडाखाली
कोकणात केशराचा अट्टहास कशाला? नारळाच्या बागेत जायफळ लावा. कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण सुगंधा'ला नर-मादी फुलं एकाच झाडावर येतात, नर झाड वेगळं लावावं लागत नाही. जायपत्रीही मिळते. आणि रंगच हवा असेल तर प्राजक्ताचे केशरी देठ आहेत, त्यांतही केशराला रंग देणारं क्रोसेटिनच असतं.

खलबत्ता
रंग असेल, पण चव कुठली? केशराचा कडवटपणा पिक्रोक्रोसिनचा, वास सॅफ्रनालचा. मोदकाच्या सारणात घालायचं तर दहा-बारा काड्या चिमूटभर साखरेबरोबर खलून दोन चमचे कोमट दुधात अर्धा तास ठेवा. उकळत्या दुधात टाकू नका, वास उडतो.

समुद्रकाठ
17 कंद मऊ निघाले, जाळले. दाराला प्लास्टिकचा पडदा लावला. आज 19 वर आहे. पाचसहा कोंबांच्या म्यानातून जांभळी रेघ दिसतेय. किती केशर होईल? आणि लाईट गेली तर?

सड्यावरची
जांभळी रेघ म्हणजे कळी जिवंत आहे. लाईट गेली की दार-पडदा उघडायचाच नाही, इन्व्हर्टरवर फक्त पंखा. आता खोलीत उजेडही द्या.

193 कंद उरले. 8 ग्रॅमच्या आतले बहुतेक नुसती पानं काढतील. बाकीच्यांची मिळून दीडशे-दोनशे फुलं आली तर जेमतेम 1 ग्रॅम सुकं केशर. फूल उमललं त्याच सकाळी खुडा. लाल तीन काड्या तेवढ्या घ्या, पिवळे पुंकेसर नकोत. आपल्या हवेत सावलीत सुकवायला ठेवलंत तर बुरसेल. ड्रायरमध्ये 50 अंशांवर एकाच थरात, दोन बोटांत चुरल्यावर काडी तुटेपर्यंत. वजन साधारण पाचवा हिस्सा उरतं. लगेच काचेच्या बाटलीत, सिलिका जेलची पुडी टाकून.

आणि फुलं झाली की एसी बंद करू नका. तेव्हा कंद मातीत लावायचे, पाणी तेव्हापासून. निचऱ्याला जांभ्याची माती चांगली, अडचण आपल्या हिवाळ्याची आहे, जानेवारीतही दुपारी पारा 30 च्या वर जातो. जुना कंद संपून त्याच्याजवळ नवे धरतात, ते पोसायला मार्चपर्यंत 20 च्या आत गारवा लागतो. तो मिळाला नाही तर पुढच्या वर्षी हाताला सुपारीएवढे कंद येतील, फूल येणार नाही.

समुद्रकाठ
मार्चपर्यंत? विक्रेत्याने हे सांगितलंच नव्हतं. विजेचं बिल धरून हिशोब करतो. माती किती खोल लागेल?

सड्यावरची
क्रेट घ्या, तळाला भोकं पाडलेली. कंदाच्या वर चार बोटं माती येईल एवढी भरा.