स्प्रिंग ब्रेकची सेवा-सहल: मुलांना न्यावं, की तेच पैसे पाठवावेत?

नदीकाठ

मी ओहायोतल्या एका कॉलेजात काम करते. इथे मार्चमध्ये आठवडाभर सुट्टी असते, तिला स्प्रिंग ब्रेक म्हणतात. बरीच मुलं फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जातात. थोडी मुलं मात्र कॉलेजतर्फे कुठेतरी कामाला जातात: घरं बांधायला, पुराचा गाळ काढायला, अन्नछत्रात वाढायला. १९९१ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात 'ब्रेक अवे' ही संस्था सुरू झाली आणि त्यानंतर ही पद्धत अमेरिकेतल्या कॉलेजांत चांगलीच रुजली.

आमच्याकडे या सहली पुढे चालू ठेवायच्या की नाही, हे ठरवायला समिती नेमली आहे आणि मी तिच्यात आहे. एका सहकाऱ्याचा मुद्दा असा: बारा मुलं, प्रत्येकी साडेतीनशे डॉलर, झाले ४२०० डॉलर. एवढे पैसे तिथल्या संस्थेला सरळ पाठवले तर तिथल्याच माणसाला काम मिळेल, आणि ते आपल्या मुलांपेक्षा चांगलं होईल. मी सहलींच्या बाजूची आहे. पण हा मुद्दा डोक्यातून जात नाही.

मार्च २००७ मध्ये मी मुलांबरोबर लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सला गेले होते. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळ आलं, कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. आम्हाला जेंटिली भागातलं एक घर दिलं होतं. दीड वर्ष ते बंदच होतं. दारावर शोधपथकाने स्प्रेने काढलेली मोठी फुली अजून तशीच होती. अशा फुलीत वर तारीख असते, डावीकडे पथकाचं नाव, उजवीकडे आतला धोका आणि खाली माणसं किती सापडली तो आकडा. आमच्या दारावर खाली शून्य होतं. ते वाचून मुलांनी हुश्श केलं.

काम म्हणजे घर आतून सोलायचं. अंगभर पांढरा पोशाख, मास्क, गमबूट. फ्रिज उघडायचा नाही, टेप गुंडाळून तसाच बाहेर काढायचा. मग भिंतीचा शीटरॉक, म्हणजे जिप्समचा तक्ता, पहारीने उपटायचा. पाण्यात राहून तो भिजलेल्या खारी बिस्किटासारखा झालेला असतो. खिळे उपसायचे, उघड्या पडलेल्या लाकडांवर बुरशीचं औषध मारायचं. घरमालकीण सत्तरीच्या, ह्यूस्टनला लेकीकडे राहत होत्या. घर साफ केलं नाही तर ते ताब्यात घेऊ, असा ठराव नगर परिषदेने २००६ मध्ये केला होता, त्याची धास्ती त्यांनी घेतली होती. कंत्राटदार हजारो डॉलर मागत होते.

बुधवारी त्या बसने आल्या. आल्या आल्या विचारलं, स्वयंपाकघरातली बिडाची भांडी कुठे ठेवलीत? ती आम्ही सोमवारीच, गंजलेली म्हणून, रस्त्याकडेच्या ढिगावर टाकली होती. मंगळवारी ट्रक ढीग उचलून घेऊन गेला. त्यात त्यांच्या आईचा तवा होता. बीड गंजलं तरी मरत नाही, घासून तेल पाजलं की पुन्हा चालतं. माझ्या आईकडे बिडाचा तवा होता, मला तरी हे कळायला हवं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. जिथे ओटा होता तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग आमच्याबरोबर खिळे वेचायला लागल्या.

शुक्रवारी घर मोकळं झालं. ज्यांनी अशा शिबिरांत काम केलं आहे, किंवा ज्यांच्या गावात अशी शिबिरं झाली आहेत, त्यांनी स्पष्ट लिहा.

रंधा

मी टेक्ससमध्ये बांधकामात आहे. तुमच्या सहकाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. पाडकामाला नवखे हात चालतात, फक्त कुठली भिंत वजन पेलते हे सांगणारा एक जाणता माणूस हवा. पण परत उभारायचं म्हटलं की गोष्ट वेगळी. शीटरॉक लावल्यावर सांध्यांवर टेप चिकटवून लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळू द्यायची, घासायची, परत भरायची. हात बसायला वर्ष जातं. अशाच एका सुट्टीत मुलांनी भरलेल्या भिंती मी पाहिल्या आहेत: दिवा लावला की प्रत्येक सांधा पोटऱ्यांवरच्या शिरांसारखा दिसायचा. दोघा कारागिरांनी तीन दिवस ते खरवडलं. ते तीन दिवस कुणाच्या खर्चात धरायचे?

हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या घरं बांधणाऱ्या संस्थेचं काम मला पटतं, कारण तिथे साइटवर कायमचा सुपरवायझर असतो आणि ज्याला घर मिळणार तो स्वतः तासन्‌तास राबलेला असतो. घरही दान नसतं, बिनव्याजी किंवा कमी व्याजाच्या हप्त्यांनी तो ते फेडतो. मुलं आठवडाभर येवोत की न येवोत, काम त्यांच्यावाचून अडत नाही.

उंबरठा

माझा विरोध कामाच्या दर्जावरून नाही.

कालव्यांच्या ज्या भिंती फुटल्या त्या सरकारी होत्या, लष्कराच्या अभियंत्यांनी बांधलेल्या. म्हणजे नुकसानभरपाईची जबाबदारी कुणाची होती हे उघड आहे. लुइझियानाच्या 'रोड होम' योजनेत घर बांधायला मदत मिळायची, पण ती वादळाआधीची घराची किंमत आणि बांधकामाचा खर्च यांतल्या कमी आकड्यावरून ठरायची. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तेवढ्याच आकाराच्या घराची बाजारातली किंमत कमी, म्हणून मदतही कमी. विटा, लाकूड, मजुरी मात्र सगळ्यांना सारखीच. २००८ मध्ये लोक कोर्टात गेले, २०११ मध्ये तडजोड झाली.

आणि अजून एक. अप्पर नाइन्थ वॉर्डात हॅबिटॅटने संगीतकारांसाठी वसाहत बांधली, ७२ घरांची. देशभरातून स्वयंसेवक आले, कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. त्याच शहरात डिसेंबर २००७ मध्ये नगर परिषदेने गरिबांच्या चार सरकारी वसाहती पाडायला एकमताने मंजुरी दिली. त्यात सुमारे ४५०० घरं होती. हातात हातोडा घेतलेल्या किती मुलांना हे माहीत होतं? मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले मजूर त्याच गल्ल्यांत तेच काम करत होते आणि अनेकांची मजुरी बुडवली जात होती. त्यांच्या शेजारी आपण फुकट राबतो, तेव्हा आपण नेमकी कुणाची सोय करतो?

१९६८ मध्ये मेक्सिकोत काम करणारे विचारवंत इव्हान इलिच यांनी तिथे सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना समोरासमोर सांगितलं होतं की बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. मी त्याच मताची आहे.

पारिजातक

उंबरठा, म्हणजे सगळा अन्याय मिटेपर्यंत त्या आजींनी बुरशी लागलेल्या घराकडे बघत बसायचं का? नगर परिषदेची नोटीस कोर्टाच्या निकालासाठी थांबत नाही.

मी राष्ट्रीय सेवा योजनेतली. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. आमचं शिबिर डिसेंबरात होतं. आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटची रिकामी पोती, त्यांत वाळू आणि माती, तोंड शिवायचं आणि वीट रचतात तशी सांधेमोड करून रचायची. शिवायला दाभण कसा धरायचा हे गावातल्या एका मावशींनी शिकवलं. पहिल्या दिवशी आम्ही पोती गच्च भरली होती. त्यांनी ती सगळी उसवायला लावली, कारण गच्च पोतं शेजारच्या पोत्याला चिकटून बसत नाही, फटीतून पाणी जातं. पावसाळ्यात असा बंधारा वाहूनच जातो, दर वर्षी नव्याने घालायचा असतो. पण त्या हिवाळ्यात पाणी अडलं आणि खालच्या दोन विहिरींना ते लागलं.

मी मुंबईत वाढले. पाणी म्हणजे नळ. त्या सात दिवसांनी माझं पाण्याकडे बघणं बदललं, ते आजतागायत. मुलांचं घडणं हाही हेतू असू शकतो, आणि तो उघडपणे मान्य करण्यात मला गैर वाटत नाही.

कोरडवाहू

गैर आहे. आमचं गाव तुमच्या मुलांना घडवायची शाळा नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंप झाला तेव्हा मी आठवीत होतो. पहिल्या दिवसांत सैन्य आलं, डॉक्टर आले, त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. नंतर तुकड्या यायला लागल्या. त्यांत विद्यार्थी खूप. कुणी तंबू ठोकायचे, कुणी लहान मुलांना गाणी शिकवायचे. आणि फॉर्म भरून घ्यायचे. घरात किती माणसं होती, किती गेली, कशी गेली. माझ्या आजीने हे चार तुकड्यांना सांगितलं. माझा चुलता आणि दोन चुलत बहिणी, तीच नावं, तोच क्रम. पाचव्या वेळी एक मुलगी वही घेऊन बसली तेव्हा आजी म्हणाली, बाई, आधीच्यांनी लिहून नेलंय, त्यांच्याकडून घे. ती मुलगी रडायला लागली आणि आजीच तिची समजूत काढत बसली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कपड्यांचे ढीग सांगतच नाही.

मग नवं गाव झालं. दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदांनीच आमची माणसं मारली, तेव्हा जुन्यासारखं बांधा असं कुणीच म्हणत नव्हतं. पण सरळ रेषेत घरं, मधे रुंद रस्ते. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, बाईला अंघोळीला आडोसा कुठे? एवढे फॉर्म भरले गेले, त्यात हा प्रश्न आम्हाला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

तुमच्या तव्याचं वाचून मला आजीच आठवली, ताई.

पारिजातक

दादा, आजींचं वाचून गप्प झाले. मुलांच्या घडण्याबद्दलचं माझं वाक्य मागे घेते. पण बंधाऱ्याचं नाही. तो गावाने मागितला होता, जागा गावाने दाखवली होती.

कोरडवाहू

तिथे माझं भांडणच नाही. माझी बहीण माण तालुक्यात दिली आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत तिच्या गावाने ८ एप्रिल ते २२ मे, असे ४५ दिवस उन्हात पाणी अडवायला समतल चर खोदले. १ मेला महाश्रमदानाला शहरातून लोक आले, त्यांत कॉलेजची मुलं होती. त्यांचे चर वेडेवाकडे झाले, बहिणीने दुसऱ्या दिवशी तळ सारखा करून घेतला. तरी गाव खूश होतं. कारण गावातल्या लोकांनी आधीच प्रशिक्षण घेतलं होतं आणि चुन्याची आखणी त्यांनीच केली होती. पाहुण्यांनी फक्त त्या आखणीवर टिकाव मारायचा. जेसीबीने तेच काम दुपारपर्यंत उरकलं असतं हे सगळ्यांना माहीत होतं. पण पुण्या-मुंबईची पोरं घामाघूम झालेली बघितली की घरी बसलेल्या सासूबाईसुद्धा पदर खोचून येतात, असं बहीण सांगते.

आखणी कुणाची, एवढंच मी बघतो.

उंबरठा

आखणीचा मुद्दा मान्य. पण न्यू ऑर्लिन्समध्ये आखणी करणारी माणसं ह्यूस्टनला आणि अटलांटाला फेकली गेली होती, हेच माझं म्हणणं आहे. तिथे मुलांना नेण्याआधी 'रोड होम'चा हिशोब त्यांच्यासमोर मांडा. परत आल्यावर त्यांनी आपल्या खासदाराला पत्र लिहिलं, तर त्या आठवड्याला मी काम म्हणेन.

नदीकाठ

सगळ्यांचे आभार.

पैशाच्या मुद्द्यावर आता मला नीट बोलता येईल. २००७ मध्ये आम्ही ४२०० डॉलर पाठवले असते तरी ते काम करायला स्थानिक माणूस मिळाला नसता, कारण तोच शहराबाहेर होता आणि जे कंत्राटदार होते ते महिनोन्‌महिने अडकलेले होते. पण ही गोष्ट त्या दोन-तीन वर्षांची. आज तिथे कारागीर आहेत. त्यामुळे २००७ चं उदाहरण देऊन पुढच्या वर्षीची सहल मागणं बरोबर नाही, हे मला इथे लिहिताना कळलं. समितीत मी असं मांडणार आहे की ज्या ठिकाणी आधी काम झालंय तिथल्या संस्थेला विचारायचं, माणसं हवीत की पैसे, आणि पैसे म्हणाले तर मुलांनी तेच जमवायचे, कुठेही जायचं नाही. 'रोड होम'चा हिशोब निघण्याआधीच्या तासाला मीच घेईन.

कोरडवाहू, आजींनी सांगितलेलं जे लिहून नेलं, त्याचं पुढे काही कळलं का?

कोरडवाहू

नाही. आजी २००४ मध्ये गेली.

रंधा

नदीकाठ, सहल ठरली तर एक करा. पहिल्या दिवशी पहार हातात घ्यायची नाही. घरमालकाला बोलवा, येता येत नसेल तर फोन लावा, आणि एकेका खोलीत उभं राहून विचारा. जे ठेवायचं त्यावर निळी टेप. त्यांनी पूर्ण घर सांगून होईपर्यंत काही बाहेर न्यायचं नाही, मग सोमवार अख्खा गेला तरी चालेल.