सिद्धरामांना ऐकू आलेला आवाज

न ऐकणाऱ्यांशी देव केवळ संकटांतून बोलतो, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. आपल्या सोलापूरच्या शिवभक्त संत सिद्धरामेश्वरांची परंपरेने चालत आलेली कथा पाहावी: बाराव्या शतकात ते तलाव खोदण्याच्या कामात गढून गेले असताना शिवशरण संतकवी अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी त्या खटाटोपाची इतक्या कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली की, चिडलेले मजूर त्यांच्यावर दगड घेऊन धावले. येथे न ऐकणारा माणूस पुण्यकर्मात बुडालेला भक्त आहे (संकट तर कोणतेच नाही!) आणि त्याला जागे करतो तो एका आगंतुकाचा अपमानकारक बोल. पुढे सिद्धराम कल्याणला (आजचे कर्नाटकातील बसवकल्याण) लिंगायत परंपरेचे प्रणेते बसवण्णा यांच्याकडे गेले. तलाव मात्र सिद्धेश्वर मंदिराभोवती आजही आहे. ऐकले म्हणून काही त्यांनी तो बुजवला नाही.