१९१५ चं डुकाट घेण्याआधी

१९१५ चं ऑस्ट्रियन डुकाट, म्हणजे सोन्याचं नाणं, महायुद्धातलं, म्हणून सोन्याच्या भावापेक्षा दीडपट मोजायला हरकत नाही, असं काही जण सांगतात, ते मला अजिबात पटलं नाही. सम्राट फ्रान्झ जोसेफचा चेहरा असलेली ही नाणी व्हिएन्नाची टांकसाळ साम्राज्य बुडाल्यावरही तेच साल घालून पाडत राहिली. १०० कोरोना या तिकडच्याच सोन्याच्या नाण्याचंही तेच. त्यामुळे १९१५ दिसलं की सोन्याचाच भाव द्या. जास्तीचे पैसे जुन्या सालांसाठी राखून ठेवा.

चार डुकाटचं एक मोठं नाणं मिळतं, ते घेताना मात्र जुनं सालही पुरेसं नाही. हे नाणं जवळपास ४० मिलिमीटर रुंद, वजन फक्त १४ ग्रॅम, म्हणजे पापडासारखं पातळ. आपल्याकडे व्हेनिसच्या डुकाटांची पुतळ्यांची माळ झाली, तशी तिकडे ही नाणी बायका गळ्यात घालत. माझं १९१२ चं नाणं फोटोत निर्दोष होतं. हातात आल्यावर भिंगाखाली बघितलं, तर राजाच्या डोक्यावर, बरोब्बर बाराच्या जागी, कडेच्या खाचा घासून सपाट झालेल्या. गळ्यात घालायला जोडलेली कडी काढून तिथला सांधा घासलेला! विकणाऱ्याकडून कडेचा फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका, अगदी कळकळीने सांगतो.