पोर्शेवाल्याला कुणी छपरी म्हटलं होतं का?

सातारारोडवाली
परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला. सिग्नलला एका बाईकवर तीन पोरं, एकाचे केस सोनेरी, खाली लिहिलंय "या छपऱ्यांना शहराबाहेर हाकला". धडाधड अंगठे. तिथे काही बोलले नाही पण डोकं फिरलंय म्हणून इथे लिहिते. ट्रिपल सीट चूकच, फाडा पावती. पण मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला रात्री अडीचच्या सुमारास १७ वर्षांच्या पोराच्या पोर्शेखाली दोन इंजिनिअर गेले तेव्हा याच ग्रुपवर काय चाललं होतं? "बिल्डरचा मुलगा", "लाडावलाय", "आईबापांनी लक्ष द्यायला हवं". पबचं बिल ४८ हजार, गाडीची नोंदणी अडकलेली कारण १,७५८ रुपये फी भरायची राहिली, आणि जामिनाची अट काय तर ३०० शब्दांचा निबंध. एवढं होऊनही तो "मुलगा"च.

पेठकर_काका
ताई, हल्ली कशालाही गरीब-श्रीमंत लावायची फॅशनच आलीय. छपरी वागण्यावरून म्हणतात, खिशावरून नाही. माझा मुलगा त्याच्या मित्रांना म्हणतो, सगळे आयटीत आहेत. आणि पोर्शेवाल्याला सोडलं कुणी? देशभर बोंब झाली, बाल न्याय मंडळाला आदेश फिरवून त्याला निरीक्षणगृहात पाठवावं लागलं.

सातारारोडवाली
हो, बोंब झाली म्हणून. आणि महिन्याभरात हायकोर्टाने सोडला, कायद्याप्रमाणेच सोडला, त्यावर माझं काही म्हणणं नाही. ससून हॉस्पिटलमध्ये त्याच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात डॉक्टरांना अटक झाली, त्या बातमीखाली तरी कुणाला शहराबाहेर हाकला म्हटलं का काका?

तांड्यावरचा
वागण्यावरून म्हणे. छप्परबंद नावाचा समाज आहे, महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बघा. इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातीवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, कायदा १९५२ ला गेला पण शिक्का काही गेला नाही. शब्द तिथून आला की आणखी कुठून यावर हवं तर भांडत बसा, त्या घरातलं पोर वर्गात हा शब्द ऐकतं तेव्हा त्याला काय वाटत असेल तेवढं सांगा.

झोपमोड
इतिहास राहू दे. माझ्या वडिलांची बायपास झालीय. रात्री एक वाजता बुलेटवाले येतात, फाट फाट फाट, म्हातारा माणूस दचकून उठून बसतो आणि मग पहाटेपर्यंत झोप नाही. त्यांना मी छपरीच म्हणणार. बाईकची किंमत काय असेल ती असो.

भावा_विषय_हार्ड
दादा बुलेट आमच्या बापाला परवडत नाही, ती तुमच्याच सोसायटीतली पोरं 😂

गॅरेजवाला
सायलेन्सरचं मी सांगतो. पोलीस पकडतात, ढीग लावून रोडरोलर फिरवतात, पेपरात फोटो. दुसऱ्या दिवशी तोच माल दुकानात उघड्यावर लटकलेला असतो. विकणाऱ्याला कोण विचारत नाही.

झोपमोड
म्हणजे तुम्ही पण बसवून देता तर!

गॅरेजवाला
मी काढून देतो. तोंड सांभाळून बोला.

पेठकर_काका
आणि गणपतीतला डीजे? त्यावर का नाही बोलत कुणी? आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात दहा दिवस.

तांड्यावरचा
झालं! आता डीजे. काका, मंडळाची वर्गणी तुम्हीच देता ना?

पेठकर_काका
देतो. नाही दिली तर गाडीवर ओरखडे कोण काढतं तेही लिहू का इथे?

भावा_विषय_हार्ड
सायलेन्सर आणि डीजे झाला असेल तर माझं ऐका. मी केस रंगवलेत, स्प्लेंडर आहे, पार्सल पोचवतो. बाणेरला एका टॉवरमध्ये गेलो, बोर्ड लावलाय "डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी". त्या लिफ्टमध्ये कचऱ्याचा ड्रम, तो गळत होता, त्याच्या शेजारी मी कुणाचा तरी बर्थडे केक धरून उभा. वर गेलो तर दारातली पोरगी आत ओरडली "मम्मी, कोई छपरी आया है". मम्मी हसली आणि रेटिंग दिलं दोन. आता यात माझं वागणं काय वाईट होतं काका?

झोपमोड
दोन? केक बिघडला होता का?

भावा_विषय_हार्ड
केक एकदम ओके होता.

पेठकर_काका
हे मात्र वाईट झालं. त्या मम्मीला खरंच अक्कल नाही. बरं बाबा, छपरी नाही म्हणत उद्यापासून. टपोरी चालेल, की त्यालाही इथे मंजुरी घ्यावी लागते?

सातारारोडवाली
चालेल की. आधी पोर्शेवाल्याला म्हणून दाखवा, सोसायटीच्या ग्रुपवर.

पेठकर_काका
आमच्या ग्रुपचा अॅडमिनच बिल्डर आहे. जाऊ दे.