हबल दुर्बीण एकाच जायरोस्कोपवर कशी चालते? अवकाशदुर्बिणी स्थिर ठेवणाऱ्या तंत्राविषयी काही शंका

सातारकर_शिक्षक

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीच्या वर्गात अवकाश मोहिमांचा पाठ चालू असताना हबल दुर्बिणीचा विषय निघाला. जून २०२४ मध्ये नासाने ही दुर्बीण यापुढे एकाच जायरोस्कोपवर चालवण्याचा निर्णय जाहीर केल्याचे मी सांगितले, तेव्हा विद्यार्थ्यांनी विचारलेल्या काही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मला देता आली नाहीत. ते प्रश्न येथे मांडतो.

अवकाशात हवा जवळजवळ नाही आणि घर्षणही नाही. मग एकदा नेमकी दिशा साधलेली दुर्बीण तेथून हलण्याचे कारण काय? जायरोस्कोप वारंवार बिघडतात, असे त्यांच्यात नाजूक काय असते? कामाला तीन जायरोस्कोप लागत असतील, तर एकावर काम भागते कसे, आणि भागत असेल तर आधी तीन का वापरत होते? आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाशदुर्बिणीत ही अडचण कशी सोडवली आहे, हेही जाणून घ्यायचे आहे. मुलांपुढे अर्धवट माहिती ठेवू नये असे मनापासून वाटते, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

कक्षाभ्यासक

सर, विद्यार्थ्यांचे प्रश्न मुळाला हात घालणारे आहेत. त्यांची उत्तरे देण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करतो, कारण बातम्यांमध्ये त्याची बहुधा सरमिसळ होते. हबलमधील जायरोस्कोप दुर्बीण वळवत नाहीत. दुर्बीण किती वेगाने आणि कोणत्या बाजूला वळते आहे, एवढेच ते मोजतात. वळवण्याचे काम चार जड प्रतिक्रिया-चाके करतात. फिरत्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने हातातील चाक एका दिशेने फिरवले की खुर्ची उलट दिशेने वळते. कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा तोच नियम येथे लागू होतो. चाकांच्या तुलनेत दुर्बीण फार अवजड असल्यामुळे हबलला ९० अंशांतून वळायला सुमारे पंधरा मिनिटे लागतात.

आता पहिला प्रश्न. हबलची कक्षा पाचशे-सहाशे किलोमीटर उंचीची आहे आणि तेथे विरळ का होईना, हवा आहे. शिवाय दुर्बिणीचे पृथ्वीकडचे टोक दूरच्या टोकापेक्षा किंचित अधिक ओढले जाते, त्यामुळे तिला सतत सूक्ष्म पीळ बसतो. हा पीळ नगण्य वाटेल, पण हबलला आपली दिशा ०.००७ आर्कसेकंद इतक्या काटेकोरपणे टिकवावी लागते, आणि एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. एवढी अचूकता हवी असेल तेथे कोणताही पीळ नगण्य राहत नाही. चाके त्याला तोंड देत राहतात आणि त्यांचा वेग वाढत जातो. तो उतरवण्यासाठी हबलवर विद्युतचुंबकीय दंड बसवलेले आहेत. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेऊन चाकांचा साठलेला संवेग कमी करतात. हबलवर छोटी रॉकेट इंजिने मुद्दाम बसवलेली नाहीत, कारण त्यांतून बाहेर पडणारे वायू आरशावर जमले असते.

दुसरा प्रश्न जायरोस्कोपच्या नाजूकपणाचा. त्याच्या आत एक चाक मिनिटाला १९,२०० फेऱ्या या ठरावीक वेगाने वायूच्या पातळ थरावर फिरत असते. ते एका बंद नळकांड्यात असते आणि ते नळकांडे दाट द्रवात तरंगत असते. चाक फिरवणाऱ्या मोटरला वीज पोहोचवणाऱ्या तारा या द्रवातूनच जातात. नळकांड्याच्या सूक्ष्म हालचालीला अडथळा होऊ नये म्हणून त्या माणसाच्या केसाहूनही बारीक ठेवाव्या लागतात, आणि बिघाड प्रामुख्याने या तारांमध्येच झाला. द्रव आत भरण्यासाठी दाबाखालील हवा वापरली होती, त्या हवेतील ऑक्सिजनमुळे तारा हळूहळू गंजल्या आणि तुटल्या. पुढे हवेऐवजी नायट्रोजन वापरण्यात आला आणि तारांवर संरक्षक लेपही देण्यात आला. मे २००९ च्या शेवटच्या दुरुस्ती मोहिमेत बसवलेल्या सहा जायरोस्कोपांपैकी तीन जुन्या धर्तीचे आणि तीन सुधारित होते. जुने तिन्ही २०१८ पर्यंत बंद पडले. सुधारित तिघांपैकी एकाची मोजमापे २०२४ मध्ये वारंवार चुकू लागली, म्हणून तो बाजूला ठेवावा लागला.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अवकाशात फिरण्याचे तीन अक्ष असतात, म्हणून तीन जायरोस्कोप असले की प्रत्येक क्षणी संपूर्ण माहिती हाती येते. एकच चालू असेल, तर उरलेल्या दोन अक्षांची माहिती इतर साधनांकडून गोळा करावी लागते. सूर्य कोणत्या बाजूला आहे हे सांगणारे संवेदक, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे आणि तारे ओळखणारे कॅमेरे यांच्या साहाय्याने दुर्बीण टप्प्याटप्प्याने आपली दिशा निश्चित करते, आणि शेवटी तिचे सूक्ष्म मार्गदर्शक संवेदक ठरलेल्या ताऱ्यांवर स्थिरावतात. एकदा ते स्थिरावले की छायाचित्राच्या दर्जात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वेळेत: नव्या लक्ष्याकडे वळून तेथे स्थिर व्हायला अधिक वेळ लागतो, एका वेळी आकाशाचा कमी भाग उपलब्ध असतो, आणि मंगळापेक्षा जवळ असलेल्या, झपाट्याने सरकणाऱ्या वस्तूंचा पाठलाग करता येत नाही. निरीक्षणे आखण्याच्या क्षमतेत सुमारे १२ टक्के घट होईल, असा नासाचा अंदाज होता. दोन जायरोस्कोप चालवले तरी एकापेक्षा फार लाभ होत नाही, म्हणून चालू स्थितीतील दोघांपैकी एक राखून ठेवण्यात आला.

ही पद्धत २०२४ मध्ये घाईघाईने शोधलेली नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये सहापैकी चौथा जायरोस्कोप बंद पडला आणि डिसेंबरमध्ये अंतराळवीर पोहोचेपर्यंत दुर्बीण निरीक्षणाविना राहिली, हा अनुभव अभियंत्यांच्या गाठीशी होता. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या अपघातात कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी मृत्युमुखी पडले, त्यानंतर २००४ मध्ये हबलची पुढील दुरुस्ती मोहीम रद्द करण्यात आली. यापुढे दुर्बिणीपर्यंत कोणीही पोहोचणार नाही असे धरूनच त्या काळात कमी जायरोस्कोपांवर काम चालवण्याच्या पद्धतींवर भर देण्यात आला, आणि ऑगस्ट २००५ पासून दोन जायरोस्कोपांवर निरीक्षणे सुरूही झाली. २००६ मध्ये मोहीम पुन्हा मंजूर झाली, पण ती तयारी वाया गेली नाही. आज दुर्बीण चालू आहे, त्यात त्या तयारीचा मोठा वाटा आहे.

रोहिणी_नक्षत्र

कक्षाभ्यासक यांनी मोजणाऱ्या साधनांविषयी लिहिले आहे. वळवणारी चाके बिघडली तर काय होते, याचे केप्लर दुर्बिणीइतके बोलके उदाहरण दुसरे नसेल.

केप्लर मार्च २००९ मध्ये सूर्याभोवतीच्या कक्षेत गेली. तिच्यावर चार प्रतिक्रिया-चाके होती आणि किमान तीन आवश्यक होती. जुलै २०१२ मध्ये एक आणि मे २०१३ मध्ये दुसरे बंद पडले. हबलप्रमाणे चुंबकीय दंडांचा आधार घेण्याची सोय नव्हती, कारण ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापासून फार दूर होती. इंधन जाळून दिशा टिकवायची, तर ते लवकरच संपले असते. अशा वेळी, जो सूर्यप्रकाशाचा दाब यानाला वळवून त्रास देत होता, त्याचाच अभियंत्यांनी उपयोग करून घेतला. यान अशा स्थितीत ठेवले की त्याच्या सौरपट्ट्यांच्या दोन्ही बाजूंवर प्रकाशाचा दाब समतोल राहील. त्यामुळे तिसऱ्या अक्षाला चाकाची गरज जवळजवळ उरली नाही आणि राहिलेली किरकोळ दुरुस्ती छोट्या इंजिनांनी अधूनमधून करता आली. यासाठी दुर्बिणीला आपल्या कक्षेच्या प्रतलातच पाहावे लागे आणि सूर्य आड येऊ नये म्हणून सुमारे ८० दिवसांनी लक्ष्य बदलावे लागे. या बंधनांसह तिने २०१४ पासून ऑक्टोबर २०१८ मध्ये इंधन संपेपर्यंत काम केले. तिने इतर ताऱ्यांभोवती शोधलेल्या ग्रहांची संख्या २,६०० च्या वर गेली आहे.

चाके का बिघडली, याविषयी पुढे मांडला गेलेला एक तर्क विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा. सौर वादळांच्या काळात चाकाच्या धातूच्या बेअरिंगमध्ये विद्युतभार साठतो, सूक्ष्म ठिणग्या पडून गोळ्यांचे पृष्ठभाग खडबडीत होतात आणि त्यातून घर्षण वाढत जाते, असा तो तर्क आहे. सिरॅमिकच्या गोळ्यांची बेअरिंगे वापरल्यास हा मार्गच बंद होतो.

सातारकर_शिक्षक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. हे वाचताना आणखी एक शंका आली. ही सर्व साधने शाबूत असूनही, केवळ त्यांच्या माहितीचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे दुर्बीण गमावली, असे कधी घडले आहे का? आणि फिरत्या चाकांशिवायचा जायरोस्कोप तयार करता येत नाही का?

क्ष_किरण

पहिल्या शंकेचे उत्तर दुर्दैवाने होय असे आहे. जपानची हितोमी ही क्ष-किरण दुर्बीण १७ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रक्षेपित झाली आणि २६ मार्च रोजी, सहा आठवड्यांच्या आत, नष्ट झाली. नव्या लक्ष्याकडे वळल्यानंतर तिच्या संगणकात जायरोस्कोपच्या दोषाचा अंदाज चुकला आणि यान ताशी सुमारे २१.७ अंशांनी फिरत आहे असे गणित निघाले. प्रत्यक्षात ते स्थिर होते. तारे ओळखणाऱ्या साधनाची माहिती या गणितापासून फार वेगळी दिसल्यामुळे संगणकाने तीच नाकारली. मग नसलेले फिरणे थांबवण्यासाठी चाकांनी यानाला खरोखरच फिरवायला सुरुवात केली. चाकांची मर्यादा गाठली जाऊ लागल्यावर यान सुरक्षा-अवस्थेत गेले आणि छोटी इंजिने सुरू झाली. पण त्या इंजिनांसाठी आधी पाठवलेली नियंत्रण-मूल्ये चुकीची होती, त्यामुळे फिरणे थांबण्याऐवजी वाढत गेले आणि शेवटी सौरपट्ट्या व पुढे आलेला लांब सांगाडा तुटून वेगळे झाले.

या घटनेची मला फार हळहळ वाटते, कारण तेवढ्या अल्पकाळात हितोमीने पर्सियस दीर्घिकासमूहातील तप्त वायूच्या हालचालीचे जे मोजमाप केले, तसे त्यापूर्वी कोणालाही करता आले नव्हते. तिचे उपकरण निरपेक्ष शून्याच्या वर केवळ ०.०५ केल्विन इतके थंड राखलेले होते. हे सारे अवघड काम उत्तम झाले आणि घात झाला तो दिशा ठरवण्याच्या गणितात व चुकीच्या आकड्यांत. तशाच उपकरणासह एक्सरिझम ही दुर्बीण सप्टेंबर २०२३ मध्ये गेली, म्हणजे मध्ये सात वर्षांहून अधिक काळ गेला. वर्गात सांगायचे झाल्यास, दोन साधने परस्परविरोधी माहिती देत असताना कोणाचे खरे मानायचे हा निर्णय आधीच विचारपूर्वक लिहून ठेवावा लागतो, कारण त्या क्षणी यान पृथ्वीशी संपर्कात असेलच असे नाही.

पुणेरी_दीर्घिका

अ‍ॅस्ट्रोसॅटच्या प्रश्नाला अद्याप कोणी उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहिते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून सोडलेली ही दुर्बीण सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून, विषुववृत्ताशी फक्त सहा अंशांचा कोन करणाऱ्या कक्षेत फिरते. हा कोन लहान ठेवल्यामुळे दक्षिण अटलांटिकवरील तीव्र प्रारणाच्या पट्ट्याचा उपद्रव कमी होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेने तिच्या उपकरणांत मोलाचा वाटा उचलला आहे.

तिच्यावरील अतिनील दुर्बिणीने स्थिरतेचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला आहे, आणि मला तो मार्ग फार आवडतो. संपूर्ण यान हबलइतके स्थिर ठेवण्याचा अट्टहास येथे नाही. यान थोडे सरकणार हे गृहीत धरून अतिनील कॅमेरा सेकंदाला सुमारे २९ चित्रे घेतो आणि प्रत्येक चित्रात आलेल्या एकेका प्रकाशकणाची जागा नोंदवतो. शेजारचा दृश्य-प्रकाशाचा कॅमेरा त्याच वेळी ताऱ्यांवर लक्ष ठेवून यान किती सरकले ते टिपत राहतो. पुढे जमिनीवरील संगणक हे सरकणे वजा करतो आणि सर्व चित्रे एकमेकांवर नेमकी बसवतो. अशा रीतीने सुमारे दीड आर्कसेकंद इतका तपशील मिळतो.

या दुर्बिणीची झाकणे प्रक्षेपणानंतर सुमारे दोन महिने बंद ठेवण्यात आली होती, हेही सांगण्यासारखे आहे. नव्या यानातील रंग, चिकट पदार्थ आणि प्लॅस्टिक यांतून निघणारे वायू आरशावर बसले असते, तर अतिनील किरण तेथेच शोषले गेले असते. या संयमाचे फळ मिळाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये एका क्षेत्राचे २८ तासांहून अधिक काळ निरीक्षण झाले आणि त्यातून ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेचे तीव्र अतिनील किरण टिपल्याचे आयुकाचे कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केले. त्या निरीक्षणात येणारा प्रकाश इतका क्षीण होता की आरसा थोडा जरी मळलेला असता, तरी तो हाती लागला नसता. अर्थात बिघाड येथेही झाले. दोन अतिनील वाहिन्यांपैकी एक २०१८ मध्ये बंद पडली. तरीही पाच वर्षांसाठी आखलेली ही दुर्बीण ती मुदत उलटल्यावरही निरीक्षणे करत राहिली.

कक्षाभ्यासक

सर, तुमच्या दुसऱ्या शंकेविषयी थोडे लिहितो. फिरत्या चाकाशिवायचे जायरोस्कोप आहेत आणि जेम्स वेब दुर्बिणीवर तेच वापरले आहेत. त्यांत क्वार्ट्झचा एक लहान अर्धगोल निर्वात जागेत कंप पावत असतो. यान वळले की त्या कंपनांचा आकृतिबंध सरकतो आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. घासणारा भाग नाही, द्रव नाही, गंजणारी तारही नाही. हबलच्या जायरोस्कोपांचे बलस्थान त्यांच्या मापनातील अत्यल्प चढउतार हे आहे. वेबने मात्र सूक्ष्म स्थिरतेचा भार दुसरीकडे सोपवला. कॅनडाने दिलेला मार्गदर्शक संवेदक सेकंदाला सोळा वेळा ताऱ्याची जागा पाहतो आणि एक लहान आरसा त्यानुसार हलून प्रतिमा जागेवर धरतो.

चाके मात्र वेबवरही आहेत. टेनिसच्या मैदानाएवढ्या सूर्यकवचावर पडणाऱ्या प्रकाशाच्या दाबामुळे त्यांच्यात संवेग साठत राहतो, आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर चुंबकीय दंडांचा उपयोग नसल्यामुळे तो उतरवायला इंधनच जाळावे लागते. २५ डिसेंबर २०२१ रोजी एरियन ५ रॉकेटने तिला इतक्या अचूक मार्गावर सोडले की वाटेतील दुरुस्तीसाठी ठेवलेले बरेच इंधन वाचले, आणि आता ते वीस वर्षांहून अधिक काळ पुरेल असा अंदाज आहे.