ई-जर्नलचं सब्स्क्रिप्शन बंद केलं तर जुने अंक राहतात का?

किनारपट्टी: मंडळी, देवगड बाजूच्या एका अनुदानित कॉलेजची लायब्ररी बघते, संस्था खाजगी आहे. झूलॉजीवाल्यांसाठी मत्स्यविषयक जर्नल्स आधी प्रिंटमध्ये यायची ती मधे एजंटने ऑनलाइन करून दिली. आता रिन्यूअलचा आकडा बघून प्राचार्य म्हणतात बंद करा, सरकारने वन नेशन वन सब्स्क्रिप्शन योजना आणलीय ना, जर्नल्सची वर्गणी सरकारच भरणार, सगळं फुकटच मिळणार. पण मग इतकी वर्षं पैसे भरलेल्या अंकांचं काय? प्रिंटचे बाइंड करून ठेवलेले पावसाळ्यात बुरशी खातात हे खरं, पण कपाटात आहेत तरी. शिवाय ऑनलाइनचंही नीट चालत नाही, लाइट गेली आणि राऊटर परत चालू झाला की अ‍ॅक्सेस गायब, मग एजंटला फोन.

बाइंडिंगवाला: ताई, आधी अ‍ॅग्रीमेंट काढा. बिल नव्हे, अ‍ॅग्रीमेंट. त्यात 'पर्पेच्युअल अ‍ॅक्सेस' किंवा 'पोस्ट कॅन्सलेशन' असं काही आहे का बघा. पब्लिशरकडून थेट जर्नल घेतलं असेल तर ज्या वर्षांचे पैसे भरले ती वर्षं पुढेही दिसतील असं कलम बऱ्याचदा असतं (आणि तरी प्लॅटफॉर्म फी मागणारे महाभाग आहेतच). पण एजंटने अ‍ॅग्रीगेटरचा (अनेक पब्लिशरची जर्नल्स एकत्र करून विकणारा) डेटाबेस गळ्यात मारला असेल तर तो निव्वळ भाड्याचा मामला, पैसे थांबले की सगळं बंद, आणि मधल्या काळात पब्लिशरने जर्नल काढून घेतलं तरी तुम्हाला कोणी विचारत नाही. पोर्टिको, क्लॉक्स (जर्नल्सच्या डिजिटल प्रती जपून ठेवणाऱ्या सेवा) अशी नावं दिसली तर लगेच निर्धास्त होऊ नका. क्लॉक्समधलं जर्नल कुठेच मिळेनासं झालं तरच सगळ्यांना खुलं होतं, तुम्ही वर्गणी बंद केलीत म्हणून नाही. पोर्टिकोतून वर्गणी बंद झाल्यावरही मिळू शकतं पण त्यासाठी पब्लिशरची परवानगी आणि तुमच्या लायब्ररीची पोर्टिको मेंबरशिप दोन्ही लागतं.

रत्नांग्री_०२३५२: प्राचार्यांना वन नेशनचं आधी सांगा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केलं, २०२५ ते २०२७ साठी ६००० कोटी, ३० पब्लिशर, १३ हजारांच्या आसपास जर्नल्स. पण पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी, अशा ६३०० च्या वर. पगार सरकार देत असलं तरी खाजगी संस्थेचं कॉलेज त्यात धरत नाहीत, आपल्याकडची बहुतेक कॉलेजं इथेच अडकतात. तेव्हा इन्फ्लिबनेटची (यूजीसीचं लायब्ररी नेटवर्कचं केंद्र) एन-लिस्ट मेंबरशिप, म्हणजे कॉलेजांसाठीची ई-जर्नल्स आणि ई-बुक्सची योजना, चालू आहे का बघा, तिथली टायटल लिस्ट आणि तुमची लिस्ट एक्सेलमध्ये शेजारी टाकून आयएसएसएनवर (प्रत्येक जर्नलचा ठरलेला नंबर) जुळवा, नावावर नको, नावं सारखी असतात आणि बदलतातही. लिस्टमध्ये नाव सापडलं म्हणजे झालं असंही नाही, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत ते बघा, कधीकधी ताजं वर्षच नसतं.

आणि पब्लिशरकडून काउंटर रिपोर्ट मागा, म्हणजे जर्नल्स किती वापरली त्याची ठराविक नमुन्यातली आकडेवारी, टीआर जे१ म्हणून. त्यातले युनिक आयटम रिक्वेस्ट (किती लेख उघडले तो आकडा) घ्या, वर्षाची किंमत त्याने भागा. लायब्ररी कमिटीत हा एक आकडा ठेवला की बाकी भाषण लागत नाही. टीआर जे२ पण घ्या, लोकांनी उघडायला बघितलं आणि लायसन्स नसल्याने उघडलं नाही ते त्यात येतं, पुढे काय घ्यायचं ते कळतं.

नेटकरी_वेंगुर्ला: अ‍ॅक्सेसचं मी सांगतो, कॉलेजांचं नेटवर्कच बघतो. पब्लिशर कॉलेजला आयपीवरून, म्हणजे नेटवरच्या पत्त्यावरून ओळखतो. पब्लिशरला दिलेल्या फॉर्मवर आयपीच्या रकान्यात १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा आहे का? अर्ध्या ठिकाणी लॅबवाल्याने तोच भरलेला असतो, तो तुमच्या आतल्या नेटवर्कचा, बाहेर त्याला कोण ओळखत नाही. बाहेरचा बरोबर दिला असला तरी साध्या ब्रॉडबँडला राऊटर रिस्टार्ट झाला की नवीन मिळतो, म्हणून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी घ्या, थोडे जास्त पैसे जातात. एन-लिस्टला हा त्रास नाही, तिथे प्रत्येकाचा युजर आयडी पासवर्ड असतो, घरूनही चालतं. फक्त पोरांना सांगून ठेवा डाऊनलोडर लावून अख्खं जर्नल ओढायचं नाही. एका कॉलेजात एकाने तसं केलं आणि पब्लिशरने अख्खा कॅम्पस ब्लॉक केला, नेमका परीक्षेच्या तोंडावर.

किनारपट्टी: अ‍ॅग्रीमेंट सापडलं एकदाचं. जर्नल्स थेट पब्लिशरची आहेत आणि भरलेल्या वर्षांचा अ‍ॅक्सेस राहील असं लिहिलंय, हुश्श. पण ऑथराइज्ड युजरमध्ये फक्त विद्यार्थी आणि 'कायम' कर्मचारी! आमचे निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, ते काय चोरून वाचतायत? आणि आमच्याच संस्थेचं कणकवलीला दुसरं कॉलेज आहे, तिथल्यांना चालेल का?

बाइंडिंगवाला: कणकवलीचं विसरा, साइटची व्याख्या बघा, दुसऱ्या गावातला कॅम्पस बहुतेक वेळा वेगळी साइट धरतात आणि वेगळे पैसे लावतात. तासिकावाल्यांचं मात्र सोडू नका. 'कायम, तात्पुरते आणि कंत्राटी' असं लिहून मागा, लायब्ररीत येऊन बसणाऱ्या बाहेरच्या वाचकांचंही, वॉक-इन युजर म्हणतात ते, त्याच मेलमध्ये घाला. हे सहसा देतात, मागावं लागतं एवढंच, होय म्हाराजा करत सही ठोकली की कोण देतंय. आणि एजंट फोनवर 'चालतं हो मॅडम' म्हणेल, त्याला मेलवर लिहायला लावा. रिन्यूअल जानेवारीपासून असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधी पाठवा, नंतर तिकडे नाताळात कोणी जागेवर नसतं.