पालकात कॅडमियम निघालंय, नॅनो झिंक आणि जिवाणू एकत्र द्यावेत का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मांजरीला नदीच्या अंगाला आमची पावणेदोन एकर आहे, वडिलांपासून मुळा-मुठेवर मोटर टाकून पालक, मेथी, कोथिंबीर करतोय. पाणी कसलं येतं ते पुणेकरांना सांगायला नको, आठवड्यातून दोनदा फूटव्हॉल्व्हमधून जलपर्णी आणि गुटख्याच्या पुड्या ओढून काढतो. तरी पालक असा हिरवागार की बाजारात आमच्या जुड्या पहिल्या उचलल्या जातात, त्यामुळे कधी शंकाच आली नाही. यंदा मीच हौसेनं पानं लॅबला दिली आणि कॅडमियम, म्हणजे विषारी जड धातू, निघालं १.४ मिलिग्रॅम प्रति किलो! पालेभाजीला मर्यादा ०.२ ची आहे. आई म्हणते जन्मभर हाच खाल्ला, काय झालं, पण मला तेव्हापासून घास जाईना.

दुकानदार म्हणाला नॅनो झिंक (जस्ताचे अतिबारीक कण) फवारा, सोबत स्यूडोमोनास, बॅसिलस आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) हे जिवाणू पाण्यातून सोडा, काम होतंय. रात्री बसून वाचलं तर त्यात तथ्य आहे असं वाटतं, म्हणजे झिंक आणि कॅडमियम झाडाच्या मुळांमध्ये बरेचदा एकाच वाटेनं शिरतात त्यामुळे झिंक भरपूर असलं की कॅडमियमला जागा कमी मिळते, आणि काही जिवाणू चिकट पदार्थ सोडतात त्यात धातू अडकतो, शिवाय ताणात झाड जे इथिलीन (वाढ रोखणारं संप्रेरक) जास्त करतं ते पण कमी करतात.

पण माझी गाडी इथेच अडते. झिंक ऑक्साईडचे नॅनो कण स्वतःच जिवाणू मारतात ना, मग दोन्ही दिल्यावर विकत आणलेले जिवाणू मी माझ्याच हातानं मारणार का? पीएसबी आम्ल सोडून स्फुरद विरघळवतं, ते कॅडमियम पण मोकळं करणार नाही कशावरून? आणि मुख्य म्हणजे जिथे बघावं तिथे ‘ताण कमी झाला, उंची वाढली, हरितद्रव्य वाढलं’. अहो माझ्या पालकाला ताण दिसतच नाहीये! मला पानातला धातू कमी करायचाय, नाहीतर तेच विष आणखी देखण्या जुडीत विकल्यासारखं होईल. त्यात बहुतेक प्रयोग कुंडीतले. कुणी शेतात करून पानं तपासलीत का?

माती काळी, सामू (pH) ८.१.

---

काळीमाती:
दादा, आधी एक सांगा, रिपोर्ट ओल्या वजनावर आहे का वाळवलेल्या? ०.२ ही मर्यादा ताज्या भाजीची. पालकात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच, त्यामुळे १.४ वाळलेल्यावर असेल तर ताज्यात ०.१४ च्या आसपास येतं. ओल्यावर असेल तर मात्र सातपट, मग विकूच नका.

जिवाणू-नॅनोची शंका बरोबर आहे. डोस, कणाचा आकार, माती यावर सगळं ठरतं, एकत्र कालवू नका. झिंक पानावर फवारायचं, जिवाणू शेणखतात मुरवून मुळाशी द्यायचे, मधे काही दिवस जाऊ द्या. पीएसबी मी तरी टाळेन. पण कॅडमियम काही कुजून जात नाही, मातीतलं मातीतच राहतं, हे उपाय फक्त त्याला जखडून ठेवतात किंवा पिकात कमी चढू देतात. तुमचा सामू ८.१ आहे हे नशीब, चुनखडीच्या जमिनीत ते कमी मोकळं होतं, म्हणून कुणी सामू उतरवायला गंधक टाका म्हटलं तर अजिबात ऐकू नका. पाण्यातले क्षारही तपासा, क्लोराईड जास्त असेल तर कॅडमियम पिकात जास्त चढतं. त्या तुकड्यात तूर्त झेंडू किंवा शेवंती घ्या, पालेभाजी विहिरीच्या पाण्यावर.

---

मूळ प्रश्नकर्ता:
आत्ता मोबाईलवर रिपोर्ट मोठा करकरून बघितला, ओलं की वाळलेलं कुठेच लिहिलेलं नाही! पैसे मात्र पूर्ण घेतले. उद्या दहाला लॅबला फोन लावतो. दोन वाफे काढणीला आलेत ते तसेच ठेवलेत, आई रागावलीय.